फ्रान्सच्या कळपातली चांदी

शनिवारी दुपारी जेवून आशा परत कांदाचाळीत आली आणि दारातच थबकली. चार महिने जीव टाकून रंगवलेल्या तिच्या चित्रात, एका मेंढीच्या फऱ्यावर कुणीतरी गेरूची तीन बोटं ओढली होती.

तीन रेघा, शेजारी-शेजारी, वरून खाली, लालभडक. बाकी सगळं जिथल्या तिथं होतं. फ्रान्समधली ओकची झाडं होती, भरून आलेलं आभाळ होतं, काठीवर हनुवटी टेकून उभा असलेला मेंढपाळ होता आणि त्याची चाळीस मेंढरं होती. त्यातली अगदी पुढची, दीड वितीची मेंढी तेवढी कुणीतरी बोटं पुसून घ्यावीत तशी माखली होती. आशाला आधी वाटलं, उजेडाचा खेळ असेल. चाळीच्या फटींतून कधी कधी तांबूस कवडसा येतो. तिनं मध्ये हात धरून पाहिला. रेघा हलल्या नाहीत.

ती मागं सरली, पुढं आली, पुन्हा मागं सरली. शेवटी तिनं खांबाला धरलं.

आता कुणी म्हणेल, एवढं काय त्यात, चित्रच ते, पुसून टाक. म्हणणाऱ्याचं काय जातं! ते चित्र सोमवारी अकराला पुण्यात पोचवायचं होतं आणि आशाचं पुढचं सगळं त्याच्यावर टांगलेलं होतं. पुण्यात जुनी तैलचित्रं दुरुस्त करणारी एक कार्यशाळा आहे. दोन वर्षांतून एकदा तिथं एकच शिकाऊ माणूस घेतात. परीक्षा सांगायला सोपी आणि द्यायला महाकठीण. ते चिठ्ठी काढून एक जुनं चित्र नेमून देतात आणि उमेदवारानं त्याची हुबेहूब नक्कल करून आणायची. त्यात स्वतःचं काही मिसळायचं नाही. स्वतःची कल्पना नको, हौस नको, आवडनिवड नको. दुसऱ्याचं चित्र दुरुस्त करणाऱ्यानं स्वतःला दाराबाहेर ठेवून आत यायचं असतं, आणि ज्याला ते जमत नाही तो उद्या कुणाच्या तरी दोनशे वर्षांच्या चित्राला आपल्या पसंतीच्या मिशा काढून मोकळा होईल. म्हणून नियम एकच, आणि तो मोडला की घरी. मागच्या खेपेला आशा दुसरी आली होती. दुसरी येण्याचा तिथं काही उपयोग नसतो. पुढच्या खेपेला ती वयात बसणार नव्हती. म्हणजे जे काय व्हायचं ते या सोमवारीच होणार होतं.

या वेळी तिच्या वाट्याला आला शार्ल झाक नावाचा फ्रेंच चित्रकार. एकोणिसाव्या शतकातला माणूस. जन्मानं पॅरिसचा. तरुणपणी नकाशे कोरले, काही वर्षं फौजेत काढली, आणि १८४९ साली शहरात कॉलरा आला तेव्हा एका चित्रकार मित्राबरोबर बायकापोरांना घेऊन रानाच्या कडेला, बार्बिझाँ नावाच्या खेड्यात राहायला गेला. तिथं त्यानं कोंबड्या पाळल्या, कोंबड्यांवर एक पुस्तकही लिहिलं, आणि मेंढरं रंगवली. ढिगानं रंगवली. रानातली, गोठ्यातली, पाण्यावरची, झाडाखालची. चिठ्ठीतून त्याचं नाव निघालं तेव्हा आशाला हसूच फुटलं होतं. मेंढरांतून सुटायला ती पुण्याला गेली, आणि फ्रान्सवरून तिच्यामागं मेंढरंच आली.

चित्र तिनं पुण्यातल्या खोलीत सुरू केलं. पण टर्पेंटाइनच्या वासानं घरमालकीण रोज नाकाला पदर लावून दारात उभी राहायची, तेव्हा शेवटच्या महिन्यात आशा ते घेऊन बोरी बुद्रुकला घरी आली. हौशीरामअण्णांची कांदाचाळ दसऱ्यालाच रिकामी झाली होती. हवा खेळती, उत्तरेकडून दिवसभर सारखा उजेड. अण्णांच्या रानात आशाच्या आत्याची मेंढरं खतासाठी बसलेली असायची, म्हणून चाळ मागता क्षणी मिळाली. आशाचा बाप मच्छिंद्र यानं आपल्या वाटणीची मेंढरं कधीच विकून टाकली होती आणि तो ट्रॅक्टर चालवत होता. आत्यानं मात्र आपली काही सोडली नाहीत. नवरा वारल्यावर भिमाबाई माहेरी आली ती मेंढरांसकट आली, आणि भावानं पुष्कळ सांगूनही तिनं एक शेपूट विकलं नाही.

ही भिमाबाई रोज संध्याकाळी चाळीत डोकवायची आणि विचारायची, "तुझ्या कोंबडीवाल्याचं कुठवर आलं?" चित्राला तिनं कधी बोट लावलं नव्हतं. आजपर्यंत.

चाळीमागं मेंढरांचा कालवा चालला होता. आशा तिकडं धावली. मंगळवारी कळप महाळुंगे पडवळच्या रानात हलायचा होता, आणि हलण्याआधी खुणा करायच्या असतात. आत्या वाकून एकेक मेंढरू पायांत धरत होती, तेलात खललेल्या गेरूत तीन बोटं बुडवत होती आणि डाव्या फऱ्यावर वरून खाली ओढत होती. तिचे हात कोपरापर्यंत लाल झाले होते. आता विचारायलाही नको होतं. तरी आशानं विचारलं.

"आत्या, माझ्या चित्राला हात कुणी लावला?"

"म्या," आत्या मान वर न करता म्हणाली. हातातलं मेंढरू सोडून तिनं दुसरं धरलं.

"अगं का? कशासाठी?"

"आपली हाय म्हनून."

"कोण आपली?"

"ती फुडची. चांदी."

आशाला वाटलं, आपण भलतंच काहीतरी ऐकतोय. "आत्या, ते फ्रान्समधलं चित्र आहे. आपला पणजा जन्मायच्या आधीचं. त्यात आपली चांदी कुठून येईल?"

"ते मला काय इचारती? तूच काढलीया." आत्या आता सरळ उभी राहिली. "बाकीची त्याची हायेत, मला दिसतंय की. आखूड कानाची, गबाळी, उशीत कापूस भरल्यागत. म्या त्यांच्या अंगाला बोट लावलं का? दुसऱ्याच्या मेंढराला मी कशाला हात लावू? पर ती एक आपली हाय. त्याच्या कळपात शिरलीया. परवा तू समदा कळप पुण्याला घिऊन जानार. बिनखुनेची गेली तर तिकडं कोन म्हनंल, ही भिमाबाईची?"

हे ती इतक्या सरळपणे म्हणाली की आशाला पुढं बोलता येईना. चित्र म्हणजे चित्र, हे आत्याला ठाऊक नव्हतं असं नाही. ती काही खुळी नव्हती. टीव्हीतल्या वाघाला ती कधी भ्याली नाही. पण मेंढराच्या बाबतीत तिचं एक होतं. पाण्यावर नाहीतर घाटात दोन कळप एकमेकांत घुसले की ते खुणेनं वेगळे करतात. खूण नसेल तर चार माणसं जमवतात, दोन्ही मालक उभे राहतात, आणि मेंढरावर हात ठेवून 'माझं' म्हणावं लागतं. तिथं कागद नसतो, पावती नसते, नुसती जीभ असते. एकदा का चार माणसांत कुणी 'माझं नाही' म्हणालं, की ते मेंढरू त्याचं संपलं. मग ते ओरडत मागं आलं तरी त्यानं हाकलायचं. एकदा कळंबच्या पुढं आत्याची एक मेंढी दुसऱ्याच्या कळपात गेली, तेव्हा ही बाई दोन दिवस त्या माणसाच्या मेंढरांत उभी राहिली होती. भाकरीसुद्धा उभ्यानं खाल्ली. तिसऱ्या दिवशी त्यानं हात जोडून मेंढी दिली.

पण आशाला त्या वेळी यातलं काही आठवत नव्हतं. तिला सोमवार दिसत होता.

"तुला काही कळतं का गं?" ती किंचाळली. "चार महिने! चार महिने मी झोपले नाही धड! अडाणी ते अडाणीच राहणार तुम्ही! माझं वाटोळं केलंस तू!"

मेंढरं बिचकून बाजूला झाली. आत्याचा लाल हात हवेतच राहिला. आशा तिला असं कधी बोलली नव्हती. कुणीच तिला असं बोलत नसे. तिच्या चेहऱ्यावर राग आला नाही, नुसतं आश्चर्य आलं, आणि ते पाहून आशाला आणखीच धक्का बसला.

"जा," आत्या हळूच म्हणाली. "जाऊन नीट बघ. तुझ्याकडं त्याचा फोटू हाय न्हवं? म्या खोटं सांगत आसंन तर मंग बोल."

आशा पाय आपटत परत आली. कार्यशाळेनं दिलेला मूळ चित्राचा भला मोठा फोटो तिनं चित्राशेजारी टांगला होता. चार महिने ती त्या दोघांकडं आळीपाळीनं बघत होती. एकेक फांदी, एकेक ढग तिनं मोजून मापून उतरवला होता. आत्याला खोटं पाडायचं म्हणून तिनं भिंग घेतलं आणि फोटोतली ती पुढची मेंढी पाहिली. मग आपली पाहिली. पुन्हा फोटोतली पाहिली.

तिनं भिंग खाली ठेवलं.

फोटोत ती मेंढी झाडाच्या गडद सावलीत होती. खाली मान घातलेली, जाड मानेची, आखूड आडव्या कानांची, पायांवर खुरांपर्यंत लोकर. सावली इतकी काळी की नीट न्याहाळल्याशिवाय कळू नये. आणि आशाच्या चित्रात त्याच जागी, त्याच सावलीत, लांब लोंबत्या कानांची, बाकदार नाकाची, काटकुळ्या उघड्या पायांची काळी मेंढी उभी होती. कपाळावर चांदीसारखा पांढरा ठिपका. डाव्या कानाला खाच. ती खाच तारेच्या कुंपणात अडकून पडली होती, आणि ती कशी पडली हे आशाला पाठ होतं, कारण कान सोडवताना तिचंच बोट कापलं होतं.

चांदी. बारावीच्या परीक्षेच्या वर्षी आई मेलेलं कोकरू आत्यानं आशाच्या मांडीवर आणून टाकलं होतं, आणि आशानं एका हातात पुस्तक आणि एका हातात दुधाची बाटली धरून ते वाढवलं होतं. दोन वर्षांपूर्वी उसाच्या कडेनं चरताना बिबट्यानं तिला नेलं. आत्यानं फोनवर सांगितलं तेव्हा आशा पुण्यात वर्गात होती. "अरेरे," ती म्हणाली होती, आणि फोन ठेवून पुन्हा कामाला लागली होती. त्यानंतर तिला चांदीची आठवण आली नव्हती. निदान तिला तरी तसं वाटत होतं.

आशा खालच्या मातीतच बसली. गेरूच्या रेघा पाहून बसला होता तो धक्का याच्यापुढं काहीच नव्हता. ते दुसऱ्या कुणीतरी केलं होतं. हे तिनं स्वतः केलं होतं, आणि तिला पत्ताही नव्हता. जिथं फोटोत नीट दिसत नव्हतं तिथं तिच्या हातानं तिला न विचारता आपली मेंढी घुसवली होती. रोज आठ-दहा तास त्या चित्रासमोर बसून तिच्या डोळ्यांना जे दिसलं नाही, ते दोन मिनिटं डोकवणाऱ्या आत्यानं पाहिलं होतं. आपल्याच हाताची तिला भीती वाटली. तिनं तो उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. या हातानं आणखी कुठं काय काय केलं असेल?

मग हळूहळू तिचं डोकं चालू लागलं. गेरू लागला नसता तर ती हे चित्र असंच घेऊन गेली असती, आणि कार्यशाळेतल्या मॅडमनी पहिल्या पाच मिनिटांत ती मेंढी हुडकून काढली असती. म्हणजे आत्यानं बुडवलं नव्हतं, वाचवलं होतं. अजून दीड दिवस हातात होता. हे सगळं आत्याला जाऊन सांगायला हवं होतं, निदान मघाच्या बोलण्याबद्दल दोन शब्द बोलायला हवे होते. ती गेली नाही. तिनं कापसाचा बोळा टर्पेंटाइनमध्ये बुडवला.

गेरू निघाला. पण रंग आतून अजून ओला होता आणि आत्यानं बोटं नेहमीच्या सवयीनं दाबून ओढली होती, त्यामुळं तीन चर राहिले. आशानं ते बुजवले. मग तिनं ते लांब कान आखूड केले, नाकाचा बाक काढला, पायांवर लोकर चढवली, कपाळावरचा ठिपका सावलीत मिसळून टाकला. शेवटी डोळा उरला. तो तिनं पटकन झाकला. रविवारी ऊन कलायच्या आत काम संपलं आणि तिला कबूल करावं लागलं की आजवर तिच्या हातून इतकं चांगलं काम झालं नव्हतं. त्या सावलीत आता एक जाडजूड फ्रेंच मेंढी खाली मान घालून उभी होती.

सोमवारी सकाळी शेजारच्या जालिंदरची पिकअप आली. चित्र ओलं, आडवं टाकता येत नव्हतं. कुणीतरी मागं बसून ते दोन्ही हातांनी उभं धरणं भाग होतं. मच्छिंद्र नांगरटीला गेला होता, आशाला जालिंदरशेजारी बसून वाट दाखवायची होती. राहिली आत्या. शनिवारपासून दोघींचं धड बोलणं झालेलं नव्हतं, तरी ती धुतलेलं लुगडं नेसून वेळेवर हजर झाली. चाळीतून चित्र बाहेर काढताना ती त्याच्यासमोर थांबली.

"चांदी कुठं हाय?"

"आत्या, तुला शनिवारी बोलले ते..." आशा अडखळली. "ती तिथं चालणार नव्हती गं. मूळच्यात ती नाही. पण मेंढरं तेवढीच आहेत, चाळीसच्या चाळीस. मोजून बघ."

"मोजायचं मला नको सांगू."

आत्यानं चित्रावरून हळूहळू नजर फिरवली. प्रत्येक मेंढराच्या तोंडावर ती क्षणभर थांबत होती, जशी रोज संध्याकाळी कळप आत घेताना थांबायची. मग ती पुढच्या मेंढीपाशी आली आणि तिथंच राहिली.

"बिबट्यानं नेली तवा उसाच्या कडंला रगात तरी घावलं व्हतं," ती म्हणाली.

एवढंच. पदर खोचून ती पिकअपमध्ये चढली, चित्राची चौकट दोन्ही हातांत धरली आणि पाय फाकून बसली. आशाच्या कानात ते वाक्य नारायणगाव गेलं तरी वाजत होतं. कळंबला जालिंदरनं चहाला गाडी उभी केली. आशा कप घेऊन मागं गेली, तर आत्यानं मानेनंच नको म्हटलं. हात मोकळे नव्हते.

कार्यशाळा म्हणजे एका जुन्या बंगल्याचा तळमजला. तिथल्या मॅडम साठीच्या, किरकोळ अंगाच्या, गळ्यात दोरीला चष्मा अडकवलेल्या. त्यांचे दोन सहायक टेबलापाशी उभे होते. चित्र स्टँडवर लावलं. आत्या भिंतीला टेकून उभी राहिली. बाहेर बसा असं तिला कुणी म्हणालं नाही, म्हणून ती आतच थांबली.

मॅडमनी अर्धा तास भिंग लावून पाहिलं. आधी आभाळ, मग झाडं, मग मेंढपाळ, मग एकेक मेंढरू. फोटो आणि चित्र, चित्र आणि फोटो. पुढच्या मेंढीवर त्या आल्या, तिथं भिंग थोडं रेंगाळलं. त्या पुढं सरकल्या.

"सुंदर," त्या म्हणाल्या. "फारच सुंदर. यात तू कुठेच सापडत नाहीस."

आशाला हसू आवरेना. तिनं आत्याकडं पाहिलं. आत्याही हसली. काय चाललंय ते तिला कळलं नसावं, पण पोरगी हसतेय एवढं कळलं.

"पडदे ओढा जरा," मॅडम म्हणाल्या. खोलीत अंधार झाला. त्यांनी खिशातून टॉर्च काढला आणि चित्राच्या अगदी बाजूला, कडेला टेकवून लावला. असा आडवा उजेड पडला की रंगाचा प्रत्येक उंचवटा, प्रत्येक खड्डा उठून दिसतो. आशाला हे माहीत होतं. पुस्तकात वाचलेलं होतं. पण गेल्या दोन दिवसांत ते तिच्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं.

पुढच्या मेंढीच्या डाव्या फऱ्यावर तीन चर उभे राहिले. शेजारी-शेजारी, वरून खाली. बुजवताना भरलेला रंग सुकत सुकत आत बसला होता.

मॅडम वाकून आणखी जवळ गेल्या.

"हे काय आहे?" मॅडमनी विचारलं.

"गाडीतून आणताना लागलं असेल, मॅडम."

"गाडीत तीन बोटं अशी सारख्या अंतरावर लागत नाहीत. आणि याच्यावर पुन्हा रंग चढवलाय. एवढ्या एकाच मेंढीवर रंगाचा थर जाड आहे." त्यांनी टॉर्च किंचित हलवला. "इथे खाली आधी दुसरं काहीतरी होतं का? हे बघ, चूक दुरुस्त केली असेल तर माझी हरकत नाही. पण स्वतःच्या मनचं काही घालून मग ते झाकलं असेल तर मी तुला घेऊ शकत नाही. आम्ही इथे झाकलेलंच शोधत बसतो. जो हात एकदा स्वतःचं घालतो तो पुन्हा घालतो."

आशानं चित्राकडं पाहिलं. हो म्हणावं तर सगळं संपलं. नाही म्हणावं तर जीभ वळेना.

"बाई," भिंतीकडून आवाज आला. "ती बोटं माझी हायेत."

सगळ्यांनी वळून पाहिलं. आत्या पुढं आली. तिनं उजवा हात वर करून दाखवला. नखांच्या कडांना अजून गेरू होता.

"मी हिची आत्या. मेंढरं राखते. पोरीचा काय दोष न्हाई. म्या अडाणी, वाळलंय का बघाया बोटं लावली. तिनं मंग ते सावरलं. लई वरडली मला."

मॅडम तिच्या हाताकडं बघत राहिल्या. "माझं लहानपण मंचरला गेलंय," त्या म्हणाल्या. "बाजाराला मेंढरं यायची. त्यांच्या अंगावर अशी बोटं मी पाहिली आहेत. ती वाळलंय का बघायला लावत नाहीत, आजी. आपल्या मेंढरावर लावतात." त्यांनी टॉर्चचा उजेड त्या मेंढीवर धरून ठेवला. "खरं सांगा. ही मेंढी तुमची आहे का?"

चार माणसं होती. मॅडम, त्यांचे दोन सहायक आणि आशा. आत्यानं मेंढीकडं पाहिलं, आशाकडं पाहिलं. तिचा हात नेहमीच्या सवयीनं मेंढीच्या फऱ्याकडं गेला, आणि टेकायच्या आधी मागं आला.

"न्हाई," ती म्हणाली. "आमची न्हाई. त्याचीच हाय. ह्यात आमचं कायबी न्हाई."

या शब्दांना काय अर्थ आहे हे त्या खोलीत फक्त दोघींना माहीत होतं. परक्या कळपात दोन दिवस उभी राहणारी बाई, जिनं उभ्या जन्मात आपल्या मेंढराला कधी नाही म्हटलं नव्हतं. आशानं बोलायला हवं होतं. आत्ता, या क्षणाला. 'आमची आहे' एवढे दोनच शब्द. ते तिच्या ओठांपर्यंत आलेही. ती गप्प राहिली.

मॅडमनी आणखी थोडा वेळ दोघींकडं पाहिलं. मग टॉर्च बंद केला. "पडदे उघडा," त्या म्हणाल्या. टेबलावरचा कागद ओढून त्यांनी आशाच्या नावापुढं सही केली. "पहिल्या तारखेपासून ये. आणि ओल्या चित्राजवळ कुणाला फिरकू देऊ नकोस."

आशा बाहेर आली तेव्हा आत्या पायरीवर बसून दोन्ही हातांचे तळवे एकमेकांवर चोळत होती. साडेतीन तास चौकट धरून बोटं आखडली होती.

"घेतलं का गं त्या बाईनं?"

"घेतलं."

"बेस झालं. लई बेस झालं बया!" आत्यानं तिच्या गालावरून हात फिरवला आणि बोटं आपल्या कानशिलावर मोडली. ती मनापासून खूश होती. त्यात काही लटकं नव्हतं, आणि तेच आशाला सहन होईना. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

"आत्या, तू नाही म्हणालीस."

"मंग काय करू? हाय म्हनले आसते तर तुला घरी लावलं आसतं तिनं."

"मी पुन्हा काढीन तिला. माझ्या स्वतःच्या चित्रात. मोठी काढीन, कानाच्या खाचेसकट. तुझ्यासमोर बसून काढीन. मग तू तिच्यावर खूण कर, आत्या. कोण काय म्हणतंय ते मी बघते."

"काढ की," आत्या म्हणाली. "चांगली काढ. मी बघाया येईन." मग तिनं मान हलवली. "पर बोटं आता न्हाई वढायची मला. चार मान्सांत न्हाई म्हनले न्हवं म्या."

तिचा आवाज साधा होता. आज सोमवार आहे, हे सांगावं तसा. ती गुडघ्यांवर हात रेटून उठली, लुगडं झटकलं आणि जालिंदरनं गाडी कुठं लावलीय ते बघायला फाटकाकडं निघाली.